स्वस्त प्लॉट की ग्राहकाजवळची महाग शेड? कारखान्याच्या जागेचा हिशेब कसा मांडावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. 20 लिटरचे एचडीपीई (एक प्रकारचं प्लास्टिक) कॅन ब्लो मोल्डिंगवर, म्हणजे गरम प्लास्टिक साच्यात हवेनं फुगवून, बनवणारा कारखाना, महिन्याला साधारण 40,000 नग. सध्याची जागा अपुरी पडतेय, म्हणून सगळा कारखाना हलवायचा आहे. प्लास्टिकचा दाणा एकाच डेपोतून येतो. जवळपास सगळे ग्राहक त्या डेपोपासून 280 किलोमीटरवर, एकाच पट्ट्यात. समोर दोन जागा आहेत आणि दोन्ही याच रस्त्यावर. पहिली, डेपोपासून 60 किलोमीटरवर स्वस्त प्लॉट, त्यावर काही वर्षं करसवलत. दुसरी, 260 किलोमीटरवर, म्हणजे ग्राहकांपासून 20 किलोमीटरवर, जास्त भाड्याची तयार शेड. तुम्ही गुरुत्वमध्य पद्धतीनं, म्हणजे ठिकाणांची वजनी सरासरी काढून, हिशेब केलात: येणारा दाणा 40 टन, जाणारा माल 40 टन, बिंदू आला बरोबर मध्ये, 140 किलोमीटरवर. प्लॉट त्या बिंदूपासून 80 किलोमीटर आणि शेड 120, म्हणून प्लॉट बरा ना, असा तुमचा प्रश्न.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून माझं उत्तर शेड असं आहे. पण हे उत्तर कशावर उभं आहे आणि कुठल्या परिस्थितीत ते फिरेल, हे समजून घ्या, कारण इथून पुढचे आकडे तुमचे तुम्हालाच भरायचे आहेत.

तुमच्या हिशेबातली मोठी चूक बेरीज-गुणाकारात नाही, टनात आहे. दाणा आणि कॅन यांचं वजन सारखंच, पण गाडी वजनानं भरते की आकारमानानं, हे तपासायला हवं होतं. 20 लिटरचा एक कॅन बाहेरून मापला तर साधारण 28 लिटर जागा खातो आणि वजन एक किलोच्या आसपास. 60 घनमीटर हौद्याच्या गाडीत रचून रचून 2,000 कॅन बसतात. म्हणजे गाडी गच्च भरली तरी आत माल फक्त दोन टन, बाकी सगळी हवा. तीच गाडी दाण्याच्या 25 किलोच्या पोत्यांनी भरली तर 20 टन सहज उचलते. तेव्हा महिन्याला दाण्याच्या दोन गाड्या येतात आणि कॅनच्या वीस गाड्या जातात. तुमचा धंदा वाहतुकीच्या नजरेतून पाहिला तर हवा वाहून नेण्याचा आहे, आणि हवा जितकी कमी अंतर न्यावी लागेल तितकं बरं.

आता गाडी-किलोमीटर मोजू, सध्या फक्त जातानाचे. प्लॉटवर कारखाना टाकला तर दाण्याच्या 2 गाड्या गुणिले 60, म्हणजे 120, आणि कॅनच्या 20 गाड्या गुणिले 220, म्हणजे 4,400. एकूण 4,520. शेडमध्ये दाण्याचे 2 गुणिले 260, म्हणजे 520, आणि कॅनचे 20 गुणिले 20, म्हणजे 400. एकूण 920. महिन्याला 3,600 गाडी-किलोमीटरचा फरक. दाण्याच्या आणि कॅनच्या दोन्ही गाड्या माल उतरवून रिकाम्या परत जात असतील आणि परतीचं भाडंही तुमच्याच माथी असेल, तर फरक 7,200. वर्षाला 86,400. तुमचा वाहतूकदार किलोमीटरमागे जो दर लावतो त्यानं गुणा, आणि मग प्लॉटमुळे वर्षाला नक्की किती वाचणार आहे ते शेजारी लिहा. प्लॉट स्वस्त घेण्याचा फायदा एकदाच मिळतो, अंतर मात्र दर खेपेला मोजावं लागतं.

गुरुत्वमध्य पद्धतीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ती जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवतात आणि तिची मर्यादा सांगायची राहून जाते. प्रत्येक ठिकाणाचे नकाशावरचे आडवे-उभे अंक त्या त्या वजनानं गुणून सरासरी काढायची, एवढीच ती पद्धत. पण अशी सरासरी अंतरांच्या वर्गांची बेरीज कमी करते, अंतरांची नाही. वाहतूकदार भाडं अंतराचं घेतो, अंतराच्या वर्गाचं नाही. तुमच्या एका सरळ रस्त्यावर हे अगदी स्पष्ट दिसतं. टनाचंच वजन धरलं, दोन्हीकडे 40 टन, तर रस्त्यावर कुठंही उभं राहा, टन-किलोमीटर तेवढेच: एकीकडे जेवढं अंतर वाढतं तेवढंच दुसरीकडे घटतं. म्हणजे तुमच्याच आकड्यांनी 140 किलोमीटरच्या बिंदूला काहीच खास अर्थ नव्हता. आता गाड्यांचं वजन धरा, 2 आणि 20. सरासरी येते साधारण 254 किलोमीटरवर. तिथं गाडी-किलोमीटर हजाराच्या वर जातात, आणि 260 वरच्या शेडमध्ये 920 च भरतात. थेट 280 वर, ग्राहकांच्या दारात उभं राहिलं तर 560. एका रेषेवर अर्ध्याहून जास्त ओढ एका टोकाची असेल तर सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे ते टोकच. मधला कुठलाही बिंदू नव्हे.

ठिकाणं नकाशावर विखुरलेली असतील तेव्हा सरासरीच्या बिंदूवरून सुरुवात करून पुन्हा पुन्हा हिशेब करत खऱ्या किमान खर्चाच्या बिंदूकडे सरकता येतं. ही रीत वाइसफेल्ड या गणितज्ञानं 1937 मध्ये मांडली आणि आज ती साध्या स्प्रेडशीटमध्ये बसते: प्रत्येक ठिकाणाचं वजन त्याच्या सध्याच्या अंतरानं भागायचं, त्या नव्या वजनांनी सरासरी काढायची, मिळालेल्या बिंदूपासून अंतरं पुन्हा मोजायची. दहा-वीस फेऱ्यांत बिंदू हलायचा थांबतो. एखादी फेरी नेमकी एखाद्या ठिकाणावरच येऊन बसली तर अंतर शून्य होतं आणि भागाकार अडतो, तेवढं सांभाळा. एवढं करूनही मिळतो तो फक्त शोधाचा परिसर. तिथं जमीन आहे का, रस्ता आहे का, हे गणिताला माहीत नसतं.

वजनाची ओढ ही कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञानं 1909 मध्ये ती नीट मांडली: कच्चा माल वापरताना वजन घटत असेल तर कारखाना कच्च्या मालाकडे ओढला जातो, वाढत असेल तर बाजाराकडे. सिमेंटची भट्टी चुनखडीच्या खाणीला चिकटून असते त्याचं कारण हेच. शुद्ध चुनखडी भाजली की वजनाचा 44 टक्के भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, आणि उडून जाणारी गोष्ट लांबवर वाहून नेण्यात अर्थ नाही. तांब्याच्या धातुकात तांबं बहुधा एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं, म्हणून ते खाणीपाशीच दळून, धुऊन त्याचा सांद्र माल करतात आणि मगच हलवतात. उलट बाटलीबंद पेयांत बहुतांश पाणी असतं आणि पाणी बहुतेक ठिकाणी मिळतं, म्हणून भरणी बाजाराजवळ होते. काही ठिकाणी वजन बाजूला पडतं आणि एकच घटक सगळं ठरवतो. एक किलो ॲल्युमिनियम वितळभट्टीतून काढायला साधारण 13 ते 15 युनिट वीज लागते. आइसलँडमध्ये बॉक्साइट (ॲल्युमिनियमचं धातुक) नाही, तरी तिथं ॲल्युमिनियमचे मोठे कारखाने आहेत, कारण तिथं जलविद्युत आणि भूऔष्णिक वीज मुबलक आहे. डेटा सेंटरला वीज आणि थंडावा लागतोच, पण काही ग्राहकांसाठी वेळही ओढ लावते: काचेच्या तारेतून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण 200 किलोमीटर जातो, तेव्हा 100 किलोमीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन एक मिलिसेकंद.

म्हणून जागेच्या कुठल्याही प्रश्नात मी पहिल्यांदा हेच विचारतो की या धंद्याला नक्की कोण ओढतंय? कच्चा माल, ग्राहक, वीज, पाणी, कुशल माणसं, की वेळ? बहुतेक वेळा दोन ओढी खऱ्या असतात, बाकीच्या सवयीनं यादीत येतात. सिमेंटवाल्यांनी दोन ओढींवर काढलेला तोडगा लक्षात ठेवण्यासारखा आहे: भट्टी खाणीशी, आणि क्लिंकर (भट्टीतून निघणारे सिमेंटचे खडे) दळायची गिरणी शहराजवळ. जिप्सम, राख, स्लॅग तिथं मिसळायची. प्रक्रिया तोडता येत असेल तर एका जागेचा हट्ट सोडता येतो. पेट बाटल्यांत हे सहज जमतं, कारण प्रीफॉर्म (न फुगवलेल्या, जाड छोट्या नळ्या) घट्ट भरून लांब नेता येतात आणि भरणीच्या जागी फुगवता येतात. तुमचा एचडीपीई कॅन एक्स्ट्रूडरमधून (दाणा वितळवून पुढं ढकलणारं यंत्र) लोंबणाऱ्या गरम पॅरिसनमधून, म्हणजे मऊ प्लास्टिकच्या नळीतून, थेट फुगवला जातो, मध्ये थांबायची सोय नाही. तेव्हा तुम्हाला तो मार्ग बंद. पण झाकणं वेगळी आहेत, त्याकडे शेवटी येतो.

आता दुसरा भाग, आणि यात लोक जास्त फसतात. वाहतुकीचा हिशेब शेडच्या बाजूनं असला तरी शेड चालण्याजोगी आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. काही अटी गुण देऊन भागणाऱ्या नसतात. त्या पुऱ्या होतात किंवा जागा बाद होते. या अटी आधी लावा, गुणांचा तक्ता नंतर.

वीज पहिली. मालक म्हणेल "थ्री फेज आहे". तुम्हाला हवा तो आकडा म्हणजे त्या जोडणीचा मंजूर भार, केव्हीए या मापात, आणि तो वाढवायचा असेल तर ट्रान्सफॉर्मरवर जागा शिल्लक आहे का. मशिनच्या मोटर आणि हीटर, कॉम्प्रेसर, चिलर, ग्राइंडर यांची बेरीज करा, सगळं एकदम चालत नाही म्हणून थोडं कमी धरा, पण पुढच्या मशिनची जागा ठेवा. मंजूर भारापेक्षा जास्त ओढलं तर दंडाचा प्रश्न तर आहेच, शिवाय व्होल्टेज पडतं. ब्लो मोल्डिंगला वीज गेल्याचा त्रास साध्या यंत्रशाळेपेक्षा फार जास्त होतो. मशिनच्या बॅरल आणि हेड या तापत्या भागांमधला दाणा तापलेला असताना थांबला की जळायला लागतो, गार झाला की आळतो. पुन्हा सगळं तापमानाला आणून, जळका माल बाहेर काढून चांगला कॅन पडेपर्यंत काही तास जातात. म्हणून दिवसाला एकूण किती तास वीज जाते यापेक्षा ती किती वेळा जाते हे विचारा. पाच मिनिटांच्या सहा खोळंब्यांत एका सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त नुकसान होतं. शेजारच्या कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनला विचारा, त्याच्याकडे खरं उत्तर असतं.

दुसरी अट परवाना. त्या जागेवर तुमच्या प्रकारचं उत्पादन करायची मुभा आहे का, हे कागदावर हवं. गोदाम म्हणून मंजूर असलेल्या शेडमध्ये मशिन लावून बसलात आणि नंतर हरकत आली तर करार, भाडं, पाया सगळं अडकतं. अग्निशमनाची मंजुरीही इथंच येते. प्लास्टिकचे रिकामे कॅन रचून ठेवलेत की आग फार झपाट्यानं पसरते, आणि विमा कंपनी रचण्याच्या उंचीवर अट घालू शकते. त्या अटीमुळे शेडची अर्धी उंची वापरता येणार नसेल तर भाड्याचा हिशेबच बदलतो.

उंचीचं तुम्हाला विशेष महत्त्व आहे. दिवसाला 1,600 कॅन पडतात. पाच दिवसांचा साठा म्हणजे 8,000 कॅन, नुसत्या मालाचे 224 घनमीटर. वाटा आणि हात घालायची जागा धरून चार मीटर उंचीपर्यंत निम्मं आकारमान वापरता आलं तरी 112 चौरस मीटर फरशी लागते. उंची दोन मीटरच मिळाली तर 224. शेड बघायला जाताना टेप घेऊन जा आणि उंची छपराच्या टोकाला मोजू नका, तुळईच्या खालून मोजा.

तिसरी अट गाडी. शेडपाशी कार घेऊन जाऊ नका; वाहतूकदाराची खरी गाडी, खऱ्या वेळेला, डेपोपासून शेडपर्यंत आणि शेडपासून दोन-तीन ग्राहकांपर्यंत चालवून बघा. शहराच्या हद्दीत मोठ्या गाड्यांना दिवसा बंदी असेल तर 20 किलोमीटरची खेप रात्रीची होते आणि ग्राहकाला रात्री माल उतरवून घ्यायला माणूस ठेवावा लागतो. कॅनची गाडी हलकी पण उंच भरते, तेव्हा वाटेतल्या पुलाखालची उंची बघा. 12 मीटरचा कंटेनर ट्रेलर मागे घेऊन डॉकला (माल चढ-उताराच्या ओट्याला) लावायचा तर डॉकसमोर 35 ते 40 मीटर मोकळी जागा लागते. ती नसेल तर दाणा लहान गाड्यांतून मागवावा लागेल, आणि दाण्याच्या दोन खेपांच्या चार-पाच होतील. तुमच्या बाबतीत तेवढं परवडतं, कारण दाण्याची बाजू हलकी आहे. म्हणून ही अट मी पक्की न धरता खर्चात मोजेन.

पाणी आत येण्याचा धोका दोन्ही जागी बघा. 2011 च्या पुरात थायलंडमधल्या अनेक औद्योगिक वसाहती एकाच वेळी पाण्याखाली गेल्या आणि जगभर हार्ड डिस्कची टंचाई झाली. जागा सपाट, रस्ता चांगला, सोयी उत्तम. पाण्याची वाट मात्र तीच होती. भिंतीवरचे जुने ओलीचे डाग, शेजाऱ्यांनी दारात बांधलेला उंबरा, मशिनखालचे उंच ओटे बघा.

स्वस्त प्लॉटची किंमत काढताना जमिनीच्या भावावर थांबू नका. सपाटीकरण, कुंपण, आतला रस्ता, विजेची लाइन ओढून आणणं, ट्रान्सफॉर्मर, पाणी, सांडपाणी आणि पाया यांचे दर लेखी मागवा. पायाआधी मातीची बोअर चाचणी हवीच. पाणी शोषून फुगणारी आणि सुकली की भेगाळणारी माती असेल तर मशिनचा पाया आणि फरशी दोन्हीचा खर्च वाढतो, आणि तो वाचवला तर दोन वर्षांत फरशी उचलली जाते, मशिनची लेव्हल जाते. शिवाय बांधकाम संपेपर्यंत सध्याच्या जागेचं भाडं चालूच राहतं. ते प्लॉटच्या खात्यात घाला.

करसवलतीबद्दल माझा नियम कडक आहे. आधी सवलत शून्य धरून दोन्ही जागांची तुलना करायची. सवलतीशिवाय जी जागा हरते आणि सवलतीमुळेच जिंकते, ती सवलत संपल्याच्या दिवशी पुन्हा हरते, आणि तोवर मशिन तिथं रोवलेली असतात. शिवाय सवलतीला बहुधा अटी असतात: अमुक गुंतवणूक, अमुक माणसं कामावर, अमुक तारखेआधी उत्पादन सुरू. त्यातली एक चुकली तर घेतलेली सवलत परत द्यावी लागू शकते. अनुदान हातात पडायलाही वेळ लागतो आणि तोवर खेळतं भांडवल तुमचं अडकतं. म्हणून ते मिळण्याच्या खऱ्या तारखेला, व्याज वजा करून धरा.

माणसांचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो वाहतुकीखालोखाल आहे. मोल्ड बदलून, पॅरिसनची जाडी नीट लावून पहिला चांगला कॅन काढणारे तुमच्याकडे फार तर दोन-तीन जण असतील. ते नव्या जागी येणार का, हे जागा पक्की होण्याआधी त्यांनाच विचारा. ते आले नाहीत तर पहिले काही महिने भंगाराचं प्रमाण वाढतं, आणि तो खर्च कुठल्याच तक्त्यात आधी दिसत नाही. रात्रपाळीचे कामगार घरी कसे जाणार हेही बघा. दोन्ही जागी पाळी बदलायच्या वेळेला अर्धा तास रस्त्यावर उभे राहा. बस, रिक्षा, सायकली, चालणारी माणसं, काय दिसतंय ते लिहून काढा.

अटी पार करून दोन्ही जागा उरल्या तर मगच गुणांचा तक्ता. खर्चात मोजता येणारं सगळं खर्चातच ठेवा, तक्त्यात पुन्हा घालू नका. "वाहतूक" खर्चात धरली आणि वर "ग्राहकाची जवळीक" म्हणून 25 गुण दिले की एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. तक्त्यात फक्त पैशात न येणाऱ्या गोष्टी ठेवा: माणसं टिकण्याची शक्यता, पुढं वाढायला जागा, मालकाचा स्वभाव. आणि कुठल्या गोष्टीला किती महत्त्व, हे भार जागा बघायच्या आधी ठरवा. नंतर ठरवलेले भार मनात आधीच बसलेल्या जागेकडे झुकतात, माणूस कितीही प्रामाणिक असला तरी. शेवटी प्रत्येक भार थोडा वर-खाली करून बघा. क्रम उलटत असेल तर दोन्ही जागा तक्त्याच्या दृष्टीनं सारख्याच आहेत असं समजा आणि निर्णय खर्चावर घ्या.

खर्चाची तोड, म्हणजे दोन्ही जागा सारख्याच पडतील तो उत्पादनाचा आकडा, अशी काढा. रिकाम्या परतीसकट दर कॅनमागे फरक 0.18 गाडी-किलोमीटर, म्हणजे 7,200 भागिले 40,000. प्लॉटमुळे महिन्याला स्थिर खर्चात जे वाचतं (भाडं वजा हप्ता, देखभाल, विमा, सवलत वगळून), त्याला 0.18 गुणिले तुमचा किलोमीटरचा दर यानं भागा. येणारा आकडा म्हणजे महिन्याचे कॅन. उत्पादन त्याच्या खाली राहणार असेल तर प्लॉट परवडतो, वर जाणार असेल तर शेड. तुम्ही वाढायला निघालात, म्हणून आजचे 40,000 आणि तीन वर्षांनंतरचा अंदाज, दोन्ही आकडे तोडीशी लावून बघा. ग्राहक स्वतःची गाडी पाठवत असतील तर भाडं तुमच्या खात्यात दिसणार नाही, पण ते दरात मागतात, तेव्हा धरायचंच.

कशामुळे माझं उत्तर फिरेल? एकाच ग्राहकाकडे निम्म्याहून जास्त माल जात असेल आणि तो स्वतः हलण्याच्या विचारात असेल तर कुठलीच जागा घट्ट धरू नका. अशा वेळी भाड्याची शेड आणखी बरी, कारण ती सोडता येते. गाड्यांना परतीच्या खेपेत खात्रीचा माल मिळत असेल तर 0.18 घसरून 0.09 कडे येतो आणि तोड दुप्पट होते. आणि झाकणं: ती घट्ट भरतात, गाडी आकारमानाआधी वजनाकडे जाते, म्हणून त्यांना ग्राहकांची ओढ फार कमी. पुढं झाकणांचं इंजेक्शन मोल्डिंग वाढवायचं ठरलं तर ते काम डेपोजवळच्या स्वस्त जागेत बसू शकतं, कॅन मात्र ग्राहकांपाशीच राहावेत.

शेड घ्यायची ठरली तर करारात तीन गोष्टी लिहून घ्या: मंजूर भार वाढवायला मालकाची संमती, मशिनचे पाये घालायची आणि जाताना ते तसेच ठेवायची मुभा, आणि किती वर्षांनी, किती महिन्यांच्या सूचनेनं तुम्हाला बाहेर पडता येईल. ट्रान्सफॉर्मरवर शिल्लक किती आहे याचं वीज कंपनीचं पत्र हातात आल्याशिवाय अनामत देऊ नका.